हॉटेलातले ताट कसे वाचावे?



या अंकातला पाठ हॉटेलात जेवण्याविषयी आहे. आपल्या वर्गातली जवळजवळ सगळी मुले इथे इंग्लंडात अधूनमधून बाहेर जेवतात, आणि सुट्टीत भारतात गेली की जास्तच. पण 'कसं होतं जेवण?' असे मराठीत विचारले की दोनच उत्तरे येतात : 'छान होतं' किंवा 'नाही आवडलं'. हाच प्रश्न इंग्रजीत विचारला तर तीच मुले पाच मिनिटे बोलतात. म्हणजे निरीक्षण आहे, मतही आहे. कमी पडतात ते शब्द.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे कोणी 'प्रोग्राम चालत नाही' एवढेच कळवले तर कोणालाही काही दुरुस्त करता येत नाही. म्हणून तक्रार करणाऱ्याला आम्ही तीन गोष्टी विचारतो : तुम्ही काय केलेत? काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले? हॉटेलातल्या जेवणालाही हेच तीन प्रश्न लावता येतात. मागवले काय? अपेक्षा काय होती? आले काय? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नासाठी शब्द हवेत. दुसऱ्यासाठी थोडी माहिती हवी : हे हॉटेल कोणी काढले आणि कोणासाठी? ती नसली की आपण भलतीच अपेक्षा घेऊन बसतो आणि चांगल्या जेवणालाही नावे ठेवतो. आज आपण शब्द आणि माहिती, दोन्ही पाहू.

१. आधी काही नेहमीचे शब्द

हॉटेल : इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. मराठीत मुख्यतः खाण्याची जागा. चार बाकडी आणि एक चहाचा स्टोव्ह असला तरी ते हॉटेलच. काका म्हणाले, 'चल, हॉटेलात जाऊ', तर बॅग भरू नका.

पार्सल : याचा पोस्टाशी संबंध नाही. हॉटेलातून बांधून घरी न्यायचे ते पार्सल. 'दोन मसाला डोसे पार्सल' असे म्हटले की पुरते.

उपाहारगृह : उप + आहार, म्हणजे जेवणापेक्षा हलके खाणे; ते जिथे मिळते ते उपाहारगृह. पुष्कळ पाट्यांवर चुकून 'उपहारगृह' लिहिलेले असते. 'उपहार' म्हणजे भेटवस्तू! भारतात गेलात की अशा पाट्या शोधा.

खानावळ : इथे दोन वेळचे साधे जेवण मिळते. घरापासून दूर राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार महिन्याचे पैसे भरून इथे जेवतात.

आता थोडे व्याकरण. 'जेवणे' आणि 'खाणे' एक नाही. वरण-भात, भाजी-पोळी अशा पूर्ण जेवणासाठी 'जेवणे'. वडापाव आपण जेवत नाही, खातो. 'मी जेवलो' किंवा 'मी जेवले' म्हणताना क्रियापद जेवणाऱ्याप्रमाणे बदलते. 'खाल्ले' मात्र पदार्थाप्रमाणे बदलते :

मी डोसा खाल्ला.
मी मिसळ खाल्ली.
मी थालीपीठ खाल्लं.
मी चार वडे खाल्ले.

खाणारा मुलगा असो की मुलगी, वाक्य तेच राहते. 'मी मिसळ खाल्लो' हे वर्गात दर रविवारी ऐकू येते. 'आवडणे'ही पदार्थाप्रमाणेच चालते : डोसा आवडला, मिसळ आवडली, थालीपीठ आवडलं, वडे आवडले.

२. इथले ताट

इंग्लंडातल्या कोणत्याही गावात कोपऱ्यावर एक 'इंडियन' रेस्टॉरंट असते. बसल्याबरोबर पापडांची चळत येते आणि सोबत वाट्यांचे तबक : आंब्याची गोड चटणी, लिंबाचे लोणचे, चिरलेला कांदा, पुदिना घातलेले दही. मग कोर्मा, मद्रास, विंदालू, जालफ्रेझी आणि नान. भारतातून पहिल्यांदा आलेले आजोबा मेनूकार्ड वाचून विचारतात, 'हे नक्की कुठल्या प्रांतातलं?' याचे खरे उत्तर 'इंग्लंडातलं' असे आहे.

लंडनमध्ये भारतीय माणसाने काढलेले पहिले भारतीय जेवणाचे हॉटेल १८१० सालचे. पाटण्याला जन्मलेले शेख दीन महंमद हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या सैन्यात होते. त्यांनी जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदोस्तानी कॉफी हाऊस' काढले. भारतात राहून परतलेल्या साहेबांसाठी तिथे करी आणि हुक्का यांची सोय होती. पण १८१२ साली दिवाळे निघाले. ज्यांना असे जेवण आवडायचे त्या श्रीमंतांच्या घरी ते रांधणारे स्वयंपाकी असत. मग हॉटेलात कोण येणार? दीन महंमद पुढे ब्रायटनला गेले आणि तिथे वाफेच्या स्नानाची व मालिशची प्रसिद्ध स्नानगृहे चालवली. इंग्रजीतला 'शॅम्पू' हा शब्द मूळचा आपल्या 'चंपी'च्या कुळातला.

यातून एक नियम मिळतो, तो लक्षात ठेवा : ज्याला घरी जेवायला मिळते त्याला हॉटेलची गरज नसते. पुढे याच नियमाने बरेच काही उलगडणार आहे.

१९२६ साली रीजंट स्ट्रीटवर एडवर्ड पामर यांनी 'वीरास्वामी' काढले. तेही श्रीमंतांसाठीच. कोपऱ्यावरची रेस्टॉरंटे काढली ती वेगळ्याच माणसांनी. कलकत्त्याहून सुटणाऱ्या ब्रिटिश आगबोटींवर सिल्हेट भागातले खलाशी असत. ते इंजिनाच्या भट्टीवर किंवा भटारखान्यात काम करीत. त्यांतले काही इंग्लंडात उतरले आणि इथेच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी आणि त्यांच्या नातलगांनी छोटी कॅफे घेऊन चालवली. हळूहळू त्यांत करी-भात मिळू लागला. सिल्हेट आज बांगलादेशात आहे. म्हणूनच ब्रिटनमधल्या बहुसंख्य 'इंडियन' रेस्टॉरंटांचे मालक बांगलादेशी कुटुंबांतले असतात.

त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे रात्री उशिरा येणारा इंग्रज. त्याला जेवण पटकन हवे, रस्सा भरपूर हवा आणि तिखट किती ते आधी कळायला हवे. त्यासाठी या स्वयंपाकघरांनी एक युक्ती काढली, ती मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. सकाळी एका मोठ्या पातेल्यात कांद्याचा सौम्य मूळ रस्सा शिजवून ठेवायचा. ऑर्डर आली की तो कढईत घ्यायचा. नारळ आणि साय घातली की कोर्मा, मिरची वाढवली की मद्रास, आणखी वाढवली की विंदालू. एकच मूळ प्रोग्राम आणि बाहेरून दिलेली वेगवेगळी माहिती. पाच-सात मिनिटांत पदार्थ तयार! सगळ्या रश्श्यांना एकमेकांची चव का येते, तेही यावरून कळेल.

पदार्थांच्या नावांचाही प्रवास झाला आहे. विंदालू गोव्याचा. पोर्तुगीज भाषेत 'व्हिन्यो' म्हणजे वाइन आणि 'आल्यो' म्हणजे लसूण. गोव्यात त्यात व्हिनेगर पडते, बटाटा नाही. इथे काही ठिकाणी 'आलू' ऐकून बटाटाच घालतात. 'बाल्टी' हा प्रकार १९७० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये, तिथल्या पाकिस्तानी-काश्मिरी वस्तीत वाढला. चिकन टिक्का मसाला तर इथे इतका रुजला की २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात त्याला ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ म्हटले.

म्हणून इथल्या ताटाकडून काय अपेक्षा ठेवावी? नान गरम आणि मऊ हवा, तिखट सांगितले तेवढेच हवे, रश्श्याला कच्चा मसाला लागू नये. 'आजीच्या आमटीसारखं नाही' ही तक्रार मात्र चुकीची. त्यांनी आमटी करायचे कबूलच केले नव्हते. आणि याच्या उलटही खरे आहे. कोर्मा जड वाटला म्हणून 'भारतीय जेवण मला आवडत नाही' असे कोणी म्हणू नये. भरले वांगे, मेथीची भाजी, सोलकढी यांची परीक्षा अजून झालेलीच नाही.

३. तिथले ताट

मग भरली वांगी आणि आमटी हॉटेलात का नसतात? हा प्रश्न मुंबई-पुण्यातही पडतो. दादरला राहणाऱ्या माणसालाही 'आज बाहेर जेवू' म्हटले की डोसा, पावभाजी, पनीर, चायनीज हेच आठवते. आता आपला नियम लावून पाहा. मराठी कुटुंबाला मराठी जेवण घरीच मिळत होते. हॉटेलची गरज होती घरापासून दूर असलेल्यांना, आणि हॉटेले काढलीही घर सोडून आलेल्यांनीच.

इराणी : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या लोकांनी मुंबईत चहाची हॉटेले काढली. चौकातली कोपऱ्याची जागा, संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का आणि चहा. धोबीतलावचे 'कयानी' १९०४ सालचे. पुण्यात डेक्कनवरचे 'गुडलक' १९३५ सालचे.

उडुपी : कर्नाटकाच्या किनाऱ्यावर उडुपी हे कृष्णमंदिराचे गाव आहे. त्या भागातून आलेल्या मंडळींनी मुंबईत शाकाहारी, स्वच्छ आणि स्वस्त हॉटेले काढली. माटुंग्याला ए. रामा नायक यांचे 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२ साली सुरू झाले. केळीच्या पानावरच्या जेवणासाठी ते प्रसिद्ध आहे. अशा जेवणात रसम वाढून झाले की ते पानावरून वाहून जाऊ नये म्हणून भाताला आळे करावे लागते. बाहेरून आलेल्या माणसाची खरी परीक्षा तिथेच होते.

पंजाबी : १९४७ च्या फाळणीत पेशावरहून निर्वासित होऊन आलेल्या मंडळींनी दिल्लीत दर्यागंजला 'मोती महल' काढले. तंदुरी चिकन, बटर चिकन, काळी डाळ हे पदार्थ त्यामुळे देशभर गेले. आपल्याकडच्या हॉटेलांतले 'व्हेज कोल्हापुरी' याच पंजाबी मेनूचे भावंड समजा. कोल्हापूरच्या घरात विचाराल तर तांबडा आणि पांढरा रस्सा सांगतील.

खानावळी : मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार कुटुंब गावाला ठेवून एका खोलीत दाटीवाटीने राहत. गिरणगावातल्या बाया घरच्या चुलीवर त्यांचे जेवण रांधत आणि त्यातून संसार चालवत. या बायांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. मराठी घरचे जेवण विकत देण्याची सर्वांत मोठी परंपरा ही आहे. पण तिला पाटी नव्हती, मेनूकार्ड नव्हते. म्हणून हॉटेलांच्या यादीत तिचे नाव येत नाही.

मराठी उपाहारगृहेही होती. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० साली सुरू झाले. पण तिथे मुख्य भर फराळाच्या जिनसांवर : बटाटेवडा, साबुदाणा वडा, थालीपीठ, कोथिंबीर वडी, पियूष. घरी रोज न होणारे, थोडे खटपटीचे. नियम इथेही लागू पडतो. दादरच्याच 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका खाद्य-पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडले गेले. आणि २०१० साली लंडनच्या हौन्स्लो भागात मुंबईच्या दोन मित्रांनी 'श्रीकृष्ण वडापाव' काढले, तेव्हा तेही याच रांगेत आले. सिल्हेटचा खलाशी, यझ्दचा इराणी, उडुपीचा आचारी, पेशावरचा निर्वासित आणि मुंबईचे दोन मित्र, सगळेच घरापासून दूर आलेले.

४. प्रवासातले ताट

प्रवासात पदार्थ का मिळतो यालाही कारण असते. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या रेल्वेने बोरघाट चढायचा तर कर्जतला अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. तेवढा वेळ गाडी थांबते, आणि कर्जतचा बटाटेवडा त्या थांब्यावर मोठा झाला. गरम, पटकन मिळणारा, हातात धरता येणारा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यावर मोटारीने जाणारे फूड मॉलमध्ये थांबू लागले. तिथे जागा प्रशस्त, स्वच्छतागृहे चांगली, पण एकाच छपराखाली पंचवीस पदार्थ. अशाच एका ठिकाणी मी मिसळ मागवली तर कट कोमट आणि फरसाण आधीच भिजून मऊ झालेले. शेजारचे ताजे उसाचे गुऱ्हाळ मात्र उत्तम निघाले. प्रवासात माझा नियम हा : ज्या पदार्थासाठी रांग आहे तो घ्यावा. रांग असली की पदार्थ ताजा असतो.

मिसळ ही प्रवासात तुलना करायला फार सोयीची. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, लिंबू, आणि तिखट पातळ रस्सा. पण त्या रश्श्याचे नावच गावागणिक बदलते. कोल्हापुरात 'कट', पुण्यात 'सँपल', नागपूरकडे 'तर्री'. पुण्याच्या जुन्या मिसळीत पोहे किंवा बटाट्याची भाजीही सापडते. नाशिकला बरोबर पापड आणि दही येते. कोल्हापुरात पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस देतात. कोल्हापुरात मी पहिला घास घेतला तेव्हा कानशिले गरम झाली. तिसऱ्या घासापासून मात्र तिखटामागची खोबऱ्याची आणि मसाल्याची चव कळू लागली. पहिल्या घासावर मत देऊ नये, ते असे.

५. चव सांगायचे शब्द

इंग्रजीत 'हॉट' म्हटले की चटका बसला की मिरची लागली ते कळत नाही. मराठीत घोटाळा नाही : चटका देते ते गरम, मिरचीने लागते ते तिखट.

तिखटाच्या पायऱ्या : सपक किंवा मिळमिळीत (तिखट-मिठाचा जोरच नाही), मध्यम, तिखट, झणझणीत, जहाल. यांतले 'झणझणीत' हे कौतुक आहे, 'मिळमिळीत' ही तक्रार.

मीठ : अळणी (मीठ घालायचेच राहिले), बेताचे (हवे तेवढे), खारट (जास्त).

दाताखाली : कुरकुरीत (पापड), खुसखुशीत (चकली, चावताच मोडते), लुसलुशीत (ताजी इडली), चिवट (गार झालेला नान), वातड (हवा लागून कुरकुरीतपणा गेलेला पापड).

भात : मोकळा, फडफडीत, आसट (मऊ, ओलसर), गिचका (गोळा झालेला). आजारी माणसाला आसट भात चांगला, पुलावाला मोकळाच हवा. म्हणजे शब्द चांगला की वाईट, ते पदार्थावर अवलंबून.

रस्सा : पातळ, दाट, पाणचट (पातळ आणि बेचव). वर तेलाचा थर दिसतो त्याला तवंग म्हणतात. मिसळीच्या कटावर तवंग हवाच. भजी हाताला तेल लावून गेली तर ती तेलकट.

वास : खमंग (भाजणीच्या थालीपीठाचा), करपट (जळका), आंबूस (बिघडू लागलेल्याचा). आंबूस वास आला की खाऊ नये, सरळ परत पाठवावे.

६. मागवताना

वेटर : काय आणू?
तुम्ही : दादा, आज गरम काय आहे?
वेटर : कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ.
तुम्ही : मिसळ फार तिखट असते का?
वेटर : मध्यम आहे. कट वेगळा देऊ?
तुम्ही : हो, वेगळाच द्या. आणि एक थालीपीठ. बरोबर लोणी आहे ना?
वेटर : आहे. पाणी साधं की बाटली?
तुम्ही : बाटली द्या. आणि निघताना दोन बटाटेवडे पार्सल.

इंग्रजीतल्यासारखा 'प्लीज' यात कुठेही नाही, तरी बोलणे उद्धट नाही. आदर 'द्या', 'आणा' या रूपांत आहे आणि 'दादा', 'काका', 'मावशी' या हाकांत आहे. वेटरला 'दे', 'आण' म्हणू नये, तो वयाने लहान असला तरी. थाळी असेल तर वाढपी आग्रह करतो. तेव्हा पानावर हात आडवा धरून 'पुरे, पोट भरलं' म्हणावे. हवे असेल तर 'थोडंच वाढा' किंवा 'अर्धीच पोळी'. पानात टाकण्यापेक्षा हे बरे.

एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर हे वाक्य पाठच करा : 'मला शेंगदाणे चालत नाहीत. यात शेंगदाण्याचं कूट किंवा तेल आहे का?' ब्रिटनमध्ये चौदा ठरावीक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे आपल्याला विचारायची सवय राहत नाही. महाराष्ट्रात कूट भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत, खिचडीत कुठेही असते. 'उपासाचे' म्हटले की तर नक्कीच. विचारल्याशिवाय खाऊ नका.

७. बिल

लंडनमध्ये बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेले असते. ते ऐच्छिक असेल तर काढायला सांगता येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने ब्रिटनमध्ये अशी सगळी रक्कम मालकाने कामगारांनाच दिली पाहिजे. भारतात साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर पाच टक्के जीएसटी असतो, तो कर आहे, टिप नव्हे. तिथे सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे २०२२ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल येते. तेव्हा चांगले वाढले असेल तर वेटरच्या हातात टिप द्यावी आणि 'जेवण छान होतं, दादा' असे म्हणावे. इथे 'छान' शब्द पुरेसा आहे.

८. नमुन्याच्या दोन नोंदी

नोंद पहिली, इथली : 'मी व्हेज मद्रास आणि नान मागवला. मद्रास मध्यम तिखट असेल असं वाटलं होतं. तिखट बेताचं होतं, पण रस्सा जरा गोड लागला आणि भाज्या जास्त शिजल्या होत्या. नान लुसलुशीत होता, शेवटी गार होऊन चिवट झाला. पापड कुरकुरीत. पुन्हा गेलो तर दोन नान एकदम मागवणार नाही.'

नोंद दुसरी, तिथली : 'मी थालीपीठ आणि पियूष घेतलं. थालीपीठ आजी करते तसं जाड असेल असं वाटलं होतं. ते पातळ होतं, पण कडेनं कुरकुरीत आणि एकदम खमंग. लोणी ताजं होतं. पियूष फार दाट आणि गोड, अर्धंच प्यायलं. वेटरकाकांनी न मागता चटणी दिली.'

दोन्ही नोंदींत 'छान' आणि 'वाईट' हे शब्द नाहीत, तरी कोणते जेवण कसे होते ते वाचणाऱ्याला कळते. अपेक्षा वेगळी होती म्हणून पातळ थालीपीठाला दोष दिलेला नाही, हेही पाहा.

पालकांसाठी

हा सगळा खटाटोप कशासाठी? आजी-आजोबांचा फोन आठवा. 'काय जेवलास?' 'पास्ता.' 'बरं.' आणि बोलणे संपते. दोघांचेही एकमेकांवर प्रेम असते, पण बोलायला पुढे धागा नसतो. 'पास्ता जरा मिळमिळीत होता, मी वरून तिखट घातलं' एवढे एक वाक्य आले की पलीकडून हमखास चार प्रश्न येतात. शाळेतली परीक्षा, इथले हवामान, मित्रांची नावे हे आजीला परके असेल. जेवणाविषयी मात्र तिला सगळे कळते, आणि तिथे नातवंडाला ती सहज भेटू शकते. आजी-आजोबांशी असे बोलण्याची वर्षे मोजकीच असतात. मुले मराठी पूर्ण शिकेपर्यंत ती थांबत नाहीत.

म्हणून एक विनंती. यंदाच्या सुट्टीत हॉटेलात ऑर्डर मुलांना देऊ द्या. ती अडखळतील, वेटर इंग्रजीत उत्तर देईल, मागे लोक ताटकळतील. तरी मध्ये बोलू नका. मिसळीचा कट वेगळा मागवता आला की त्या मुलाला ते हॉटेल आपले वाटते.

स्वाध्याय

१. कंसातल्या क्रियापदाचे योग्य रूप लिहा : मी इडली (खाणे). मी दोन सामोसे (खाणे). मला पियूष (आवडणे). ताई हॉटेलात (जेवणे).

२. फरक सांगा : गरम आणि तिखट, अळणी आणि सपक, कुरकुरीत आणि खुसखुशीत, उपाहार आणि उपहार.

३. तुमच्या घराजवळच्या कोणत्याही एका हॉटेलची माहिती विचारा : मालकाचे कुटुंब कुठून आले? पहिले गिऱ्हाईक कोण होते? मेनूतला कोणता पदार्थ त्यांच्या स्वतःच्या घरी होतो आणि कोणता फक्त गिऱ्हाइकांसाठी?

४. या महिन्यात बाहेर जे खाल त्याची पाच ते सात वाक्यांची नोंद लिहा. मागवले काय, अपेक्षा काय, आले काय, हे तिन्ही हवे. 'छान' शब्द वापरायचा नाही.

५. ती नोंद आजी-आजोबांना फोनवर वाचून दाखवा आणि त्यांनी विचारलेला एक प्रश्न वहीत लिहून आणा. पुढच्या रविवारी ते प्रश्न आपण फळ्यावर लिहिणार आहोत.